फ्रिजला वारा घालताना

भाची : बारा. सकाळी निघताना सहा अंशांवर होता काटा, आता बारावर आहे. आत्या, हा फ्रिज नाही, कपाट आहे.

आत्या : कपाटात एवढं गार असतं का? बाहेर डांबर वितळतंय. कॅराव्हॅनमध्ये बारा म्हणजे गारच म्हणायचं.

भाची : तुझ्या पाण्याच्या बाटल्यांना चालेल. केकचा वरचा मजला आत आहे, त्याच्या क्रीमला घाम फुटलाय. स्वतःच्या आईच्या लग्नाला बेकरीवाली लेक चमच्याने खायचा केक घेऊन गेली, असं व्हायचं.

आत्या : मग दार लाव आधी. उघडून बघत बसलं की गारवा पळतो.

भाची : मी आत्ता उघडलं. तू जेवल्यापासून किती वेळा उघडलंस? मी डोळे मिटून पडले होते, कान नव्हते मिटले.

आत्या : कलिंगड गार झालं का, ते बघत होते.

भाची : कुठलं कलिंगड?

आत्या : खालच्या कप्प्यातलं. पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा घेतलं की.

भाची : उन्हात तापलेलं अख्खं कलिंगड तू केकच्या खाली ठेवलंस? अगं, फ्रिजमध्ये शेगडी पेटवलीस तू.

आत्या : फळ आहे गं ते.

भाची : काढ बाहेर. त्या बाटल्याही काढ. आत वारा फिरायलासुद्धा जागा नाही.

आत्या : काढते. पण फ्रिजला नावं ठेवू नकोस. रिटायर झाल्यावर हौसेने घेतलीये ही गाडी. दुकानदार म्हणाला होता, वाळवंटातही चालेल.

भाची : चालेल, सपाट वाळवंटात. गॅसवरचा फ्रिज आहे हा, गाडी कलती उभी केली की रुसून बसतो. ते लिंबू ठेव बघू खाली.

आत्या : ठेवलं.

भाची : कुठे गेलं?

आत्या : पलंगाखाली.

भाची : बघ.

आत्या : या कॅम्पसाइटवर सपाट जागा होती, पण कचऱ्याच्या डब्यांपाशी. इथून तळं दिसतं.

भाची : तळं बघायला कोण आलंय? ऊन उतरेपर्यंत थांबायचं आणि निघायचं, असं ठरलं होतं आपलं.

आत्या : मी म्हणते, आज इथेच राहू. उद्या पहाटे निघालो तरी लग्नाच्या वेळेला पोचतो.

भाची : आई आज रात्री जेवायला वाट बघतेय.

आत्या : बघू दे. चष्मेवाला आहे ना सोबतीला.

भाची : आत्या.

आत्या : माणूस चांगला आहे, मी कुठे नाही म्हणतेय? वहिनी चष्म्याचा नंबर काढायला गेली आणि त्याचाच नंबर लागला. होतं असं.

भाची : तू जरा बाहेर ये. गाडीच्या मागच्या बाजूला. या जाळ्यांमध्ये टॉवेल कोणी कोंबलाय?

आत्या : मी. गांधीलमाशा शिरत होत्या.

भाची : फ्रिजची सगळी ऊब इथून बाहेर पडते. तू त्याचं नाक दाबून ठेवलंयस. वर हीच बाजू नेमकी उन्हात. गाडी फिरवावी लागेल, जाळ्या सावलीत आल्या पाहिजेत.

आत्या : डब्यांपाशी?

भाची : डब्यांपाशी. बस तू, मी मागून सांगते. ये. अजून ये. डावीकडे घे जरा.

आत्या : मला शिकवू नकोस. भर बाजारातून अख्खी बस उलटी काढलीये मी, आत माणसं उभी असताना.

भाची : थांब, पुढच्या चाकाखाली फळी सरकवते. आता हळू चढव. बास. लिंबू?

आत्या : जागचं हललं नाही. वास मात्र येतोय.

भाची : येऊ दे. आता तुझा तो छोटा पंखा दे.

आत्या : तो माझा आहे. मला उकडतंय.

भाची : फ्रिजला जास्त उकडतंय. जाळीपाशी लावते, म्हणजे मागची गरम हवा निघून जाईल.

आत्या : थंड करणाऱ्यालाच वारा घालायचा. उद्या म्हणशील, डॉक्टरला औषध पाज. घे बाई. मी कॅम्पसाइटच्या ऑफिसातून बर्फ आणते, तेवढंच माझ्या हातचं काम.

(थोड्या वेळाने.)

भाची : एवढ्या पिशव्या? फ्रिजमध्ये केक आहे, मासळी नाही.

आत्या : ऑफिसातल्या बाईने दिल्या. विचारत होती, कशाला हवाय बर्फ? म्हटलं, वहिनीचं लग्न आहे. म्हणाली, म्हणजे भावाचं. म्हटलं, भाऊ नाहीये. वहिनीचंच. मग तिने एक पिशवी जास्तीची दिली.

भाची : दे इकडे. केकच्या दोन्ही बाजूंना लावते. आणि आता तासभर दाराला हात लावायचा नाही.

आत्या : नाही लावत.

भाची : पहाटे निघू म्हणतेस ते यामुळे का?

आत्या : कशामुळे?

भाची : भाऊ नाहीये, यामुळे.

आत्या : अगं, आदल्या रात्रीचं जेवण म्हणजे ओळखीपाळखी. हा नवऱ्याचा भाऊ, ही नवरीची लेक. आणि ही कोण? दादा होता तोवर मी नणंद होते. आता माझी खुर्ची कुठे ठेवायची, हेसुद्धा कोणाला कळायचं नाही.

भाची : मी सांगेन ना. माझी आत्या.

आत्या : तुझी आत्या मी मेल्यावरही राहीन. तिची कोण, ते सांग.

भाची : थांब, फोन वाजतोय. तिचाच आहे. बोल आई. नाही, अजून वाटेतच. क्रीमने जरा मान टाकली होती, आता सावरतंय. हो, समोरच आहे. आत्या, "बेबीकडे दे" म्हणतेय.

आत्या : बोल वहिनी.

आई : आवाज का असा?

आत्या : उन्हाने.

आई : बरं, ऐक. उद्या सह्यांना दोन साक्षीदार लागतात. त्यांच्याकडून त्यांचा भाऊ आहे. माझ्याकडून तुझं नाव दिलंय. न विचारता दिलं, रागावू नकोस.

आत्या : माझं? तुझी सख्खी बहीण आहे की.

आई : आहे. तो गेला तेव्हा ती दोन दिवसांनी परत गेली, तिची नोकरी होती. नोकरी तुलाही होती. पहाटे बस काढायचीस आणि दुपारी माझ्याकडे यायचीस, रोज. मी जेवले का बघायला. स्वयंपाकघरात लुडबुड करून भांडी फोडायला.

आत्या : एकच फोडलं होतं.

आई : आणि एक विचारायचं राहिलंय. हे लग्न... तुला चालतंय ना, बेबी?

आत्या : आता विचारतेस? हॉल ठरला, केक झाला.

आई : धीर होत नव्हता. लेकीला विचारलं, ती हो म्हणाली. तुला विचारायला गेले की तू चष्मेवाल्यावर विनोद करायचीस.

आत्या : मी नाही म्हटलं तर?

आई : तर रडेन. आणि करेन.

आत्या : कर. दादाला विचारलं असतंस ना, तर म्हणाला असता, सगळ्यांना चष्मे फुकट मिळणार असतील तर माझी हरकत नाही.

आई : अगदी हेच म्हणाला असता.

भाची : आत्या, काटा नऊवर आला.

आत्या : थांब गं जरा. वहिनी, ऊन उतरलं की निघतोच आम्ही. आजच. जेवायला थोडं थांबा.

आई : थांबतो. सावकाश ये.

आत्या : आणि ऐक. उद्या मी काय घालू, ते सांग.