कडू घास

जात आमची ढिवराची, गाव मूल शहराच्या अलीकडं, तलावाच्या पाळीवर. दुसरी पास केली अन् बापानं हातात जाळं देल्लं, झाली शाळा. शेवंता लग्न होऊन आली ते इथीच राह्यली, लेकरू झालं नाई, आमी दोघंच. आता ते बी गेली, पाच महिने झाले. काय सांगू तुम्हाला, रडू येत नाई मले. लोकं म्हणतेत, म्हातारा दगड आहे. असन.

देवदान सिरोंचाकडला, तेलगू बोलणारा, किरिस्ताव. मूलच्या राइस मिलमध्ये मशीन दुरुस्तीले आला, अन् दर रविवारी त्याची प्रार्थना झाली का सायकलनं मासोळी घ्याले तलावावर ये, एक दिवस म्हने भाऊ मले जाळं फेकाले शिकवा, शिकवलं, तं पहिल्या खेपेले जाळं काठावर अन् हा पान्यात, अख्खी पाळ हासली. शेवंतानं माह्यं धोतर देल्लं त्याले नेसाले. तवापासून बारा-पंधरा वर्सं आला. एकदा सांगतलं त्यानं, का येशू बी मासोळी धरणाऱ्याइच्या संगतीत राहे. मी म्हटलं, मंग वासाची सवय असन त्याले. तो बी हासला. त्याच्यापुढं त्यानं कधी लावून धरलं नाई.

शेवंताच्या पोटात गाठ निघाली तवा तो खाटीपाशी बसून तिच्यासाठी प्रार्थना करे, पहिले तिले इचारून. तिले बरं वाटे. मले खटके. एक दिवस तोंडावरच बोललो, तू माह्यी बायको बाटवून राह्यला का? तो म्हने, मी तिच्यासाठी मागतो भाऊ, तिले काई मागत नाई, तुमी म्हणा, बंद करतो. शेवंता खाटीवरून त्याले म्हने, ह्यायचं काय आयकता, बसा तुमी.

गेली. आमच्यात मयतीच्या घरी चूल पेटत नाई. मसनातून आल्यावर पहिला घास सोयऱ्यानं भरवाचा, लिंबाचा पाला लावून. त्याले कडू घास म्हणतेत, तो खाल्ल्यावरच मानूस जेवते. बायको मेली तं मान तिच्या भावाचा. पन माह्या साळ्याले, गणपतले, मसनातच कोणी सांगतलं का किरिस्तावानं प्रार्थना केली. तो तिथूनच फिरला. त्याच किरिस्तावाले म्हणा घास भरव, म्हने. भाऊबंद ताट घेऊन आले, मी तोंड उघडलं नाई. दोन दिवस नुसत्या पान्यावर.

तिसऱ्या दिवशी देवदान आला. त्याले आमची रीत काय माहीत, चहा अन् टोस घेऊन आला. मी म्हटलं, उचल ते, तुह्या हातानं चालत नाई. मंग कोनाच्या हातानं, म्हने. सांगतलं. उठला, सायकल काढली अन् गेला. साळ्याचं गाव चार कोस. गणपतनंच मंग सांगतलं मले, देवदान आंगनात उन्हात बसून राह्यला, पानी देल्लं तं पेला नाई. म्हने, माह्यामुळं राग असन तं मी त्या घराची पायरी चढत नाई, पन तुमी चला, भाऊ मरून राह्यला.

दिवस बुडाच्या पहिले साळा डबा घेऊन आला. भात कालवला, पाला लावला, हात पुढं केला. मी पाह्यलं तं देवदान सडकेवरच सायकल धरून उभा. मी तोंड मिटलं. आता काय झालं, साळा म्हने. मी म्हटलं, त्याले बलाव, तो बसला का खातो. साळ्याच्या हातातला भात वाळून राह्यला. मंग भायेर पाहून म्हने, या हो मिस्त्री, नाई तं मरन हा म्हातारा.

तिघं एका जागी बसून जेवलो.

लोकं इचारतेत, किरिस्ताव झाला का. नाई झालो. घरी मातेचं ठाणं आहे, दिवा लावतो. देवदान रविवारी येते. एकदा इचारलं त्याले, शेवंता आता कुठी आहे, तुह्या मतानं? तो म्हने, मले माहीत नाई भाऊ, ज्याच्यापाशी मी तिले सोपवत होतो त्याले माहीत आहे. मी म्हटलं, बरं.

मागच्या रविवारी मीच म्हटलं, आज माह्यासाठी माग. काय मागू, म्हने. मी म्हटलं, भूक माग, लागत नाई. त्यानं डोळे मिटले अन् तेलगूत लय वेळ मागलं, मले एक अक्षर समजलं नाई, मी डोळे उघडेच ठेवले. मंग भात वाढला, गेला तेवढा खाल्ला. देव त्याचं भलं करो, त्याचा असो का माह्या.