कॅसेटच्या पाठीवरच्या पट्ट्या

पाच पोरांच्या त्या इंग्रजी बँडमधला कुरळ्या केसांचा मुलगा बँड सोडून गेल्याचं कळलं, त्या दिवशी मल्लेश्वरमच्या कॅसेटच्या दुकानात रांग लागली. खंडोजीही रांगेत होते. त्यांच्या बायकोला, रत्नाबाईंना, जाऊन चार महिने झाले होते. त्यांच्या गाण्याची एकुलती एक कॅसेट खंडोजींच्या खिशात होती. तिची दुसरी प्रत काढायची होती. पुढे दोन बहिणी उभ्या होत्या.

“रडू नको गं, अक्का. चौघं उरलेत ना?”

“त्यांना नाचता येतं. गाता कुठं येतं?”

“दुसरी कॅसेट तर पहिलीपेक्षा जास्त खपली. मग का गेला?”

“घरोघरी त्याचंच पोस्टर लागलं, म्हणून.”

“आपल्याकडे आहे की ती कॅसेट. परत कशाला?”

“आजीनं तिच्यावर भजन भरलं.”

“पूर्ण?”

“तिसऱ्या गाण्यात तो ‘डार्लिंग’ म्हणतो आणि लगेच आजी खोकते. पुढं सगळे टाळ.”

“तू पट्ट्या मोडल्या नव्हत्यास?”

“कसल्या?”

“अगं, कॅसेटच्या पाठीवर दोन बारक्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की वर दुसरं काही भरता येत नाही. स्वल्प डोकं चालव की!”

खंडोजींनी खिशातली कॅसेट काढली आणि घराच्या किल्लीनं दोन्ही पट्ट्या तिथंच मोडल्या.

प्रत निघाल्यावर दुकानदारानं विचारलं, “ऐकून बघता, अण्णा?”

“नको. घरी ऐकतो.”

आता घरी दोन कॅसेटी आहेत. ऐकायचं अजून राहिलं आहे.