देठ धरणारा हात

नवा रायपूरच्या बसमध्ये मागच्या सीटवरून नवराबायकोची कुरकुर सुरू झाली, तशी शर्मिष्ठानं पेपर उघडला आणि कान मागे ठेवले.

"मोबाइल मले द्या न. तुमच्या हातात दिसत नाही."

"राहू दे, मीच धरतो. हे पाह्य, मैनपाटच्या डोंगरावरचं फूल."

"अन् हा हात कोणाचा?"

"हवा होती, पद्मिनी. फूल हलून राहिलं होतं. अपर्णानं देठ धरला."

"ऑफिसातली?"

"हव. ऑफिसची सहल होती, बायांचा तंबू वेगळा होता."

"तंबूचं कोण विचारून राहिलं? दुसरा दाखवा. याच्यातबी तेच बांगडीचं मनगट."

"फूल पाह्य न."

"फूलच पाहून राहिली. वीस वर्षं तुमच्या फोटोत देठ मी धरला. आता तिची बोटं बरी सापडली तुम्हाले."

"तुले चढाव झेपत नाही."

"जीप वरपर्यंत जाते, तुम्हीच सांगितलं. मंग मले काहून नाही नेलं?"

मंत्रालयाचा थांबा आला. शर्मिष्ठाला तिथंच उतरायचं होतं. ती उठली नाही.

"तुहा हात थरथरते आताशा, पद्मिनी."