दोन लाल ठिपके

—नाही झुलालभाऊ—झुलालभाऊच ना? गॅरेजच्या बोर्डावर तेच लिहिलंय—इंजिनचा पट्टा तुटलेला नाही, टायमिंग चुकलंय, एक दात सरकलाय. ते वरचं चाक पुसा ना जरा, कॅमचं. मला काय कळतंय? काही नाही कळत. काल यांनी पट्टा बदलला, घरीच, अंगणात, मोबाईलमध्ये बघून, तेव्हा मी नुसती उभी होते पाने हातात देत. लग्नानंतरची पहिली आखाजी माझी, अक्षय्य तृतीयेला भाऊ माहेरी न्यायला येणार होता, पाचोऱ्याला झोका बांधून ठेवलाय—तर हे म्हणाले, त्याला सांग येऊ नको, आपल्या गाडीने ऐटीत जाऊ. आलो ना ऐटीत! नरडाण्यापासून गाडी थरथरतेय, इथे धरणगावात पुलाचा चढ चढेना, आणि म्हणे पेट्रोलमध्येच भेसळ. आता रागावून सोडा प्यायला गेलेत. संध्याकाळपर्यंत पोचले नाही, तर बसा पुढच्या आखाजीची वाट बघत.

दिसले? दोन ठिपके? त्यातला एक माझ्या नेलपॉलिशचा. खूण नीट दिसावी म्हणून यांनीच खाचेवर लावला. मग सासूबाई आल्या ताट घेऊन—नवा पट्टा शे, कुकू लावू दे—पट्ट्याला लावलं, पान्याला लावलं, यांच्या कपाळाला लावलं आणि चाकालाही, खाचेच्या अगदी शेजारी. नेलपॉलिशवर ग्रीस बसलं, कुंकू उठून दिसलं, यांनी कुंकू जुळवलं. बोलले ना मी! अहो, ते कुंकू आहे, म्हटलं. तर हे म्हणाले, तू चहा ठेव. ठेवला. पुन्हा म्हटलं, तर सासूबाई, कुकूले नाव ठेवस का? आता यावर नव्या सुनेने काय बोलायचं?

हां, ढिला करा, खाचेवर आणा. आणि हाताने पूर्ण फिरवून बघा हं, दोनदा—व्हिडिओत तेवढं मीही पाहिलंय. जुळली? परत खूण करायचीय? घ्या ना, बाटली आहे पर्समध्ये.

असं काय बघता भाऊ? आखाजीला नखं रंगवायला घेतलीय. बरं, नाही. लागणार हे माहीत होतं. निघतानाच माहीत होतं. मग बसले कशाला गाडीत? दोनदा बोलून बघितलं होतं ना—म्हटलं, आता गाडीच बोलेल.

त्यांना कुंकवाचं सांगू नका. नाही, सांगा—तुमचं ऐकतील. पण मी सांगितलं असं—थांबा, हे आले. बाटली द्या इकडे.

...काही नाही हो. मी कुठे काय बोलतेय?