सोयरिकीत निघालेला गेम

तुमी हसान, पण माझ्या पोराची सोयरीक टीव्हीवरच्या गेमपायी मोडता मोडता वाचली. बेल्लमपल्लीला पोरगी पाहायला गेलो होतो. टीव्हीखाली तोच गेम दिसला, जो आमच्या घरी होता. दुसऱ्या ग्रहावर हरवलेल्या गड्याचा, तीन भागांचा.

मी म्हटलं, "पहिला भाग खरा. गडी डोकं चालवते. दुसऱ्यात नुसत्या बंदुका."

पोरीचा बाप भडकला. "काहीतरीच! पहिल्यात तो घाण्याच्या बैलावानी गोल फिरते."

"बैल कोणाले म्हणता?" मी पोह्याची बशी ठेवली आन् चपला घातल्या.

पोरगं कानात म्हणे, "बाबा, पोरगी पसंत हाय मले. बसा ना!"

तेवढ्यात पोरगी चहा घेऊन आली. "काकाजी, पहिल्याच्या शेवटी काय होते?"

त्या भागातल्या तिसऱ्या दरवाज्यापुढे मी कधी गेलोच नव्हतो.

"बाबा, दुसऱ्याच्या?" तिचा बाप टीव्हीकडे पाहाले लागला.

"मी तिन्ही संपवले. तिसराच चांगला. त्यात जोडीदारीण संगं असते, म्हणून गडी घरी पोचते. चहा घ्या."

मी चपला काढल्या.

तिसरा भाग मले आजही पटत नाही. सून तिथंच पटली.