गोमाजी तांडेल तीनदा हरला

या, या, पुढं सरका! खांबाला टेकून बसलेले, तुम्हीसुद्धा या — खांब पडत नाही! आज गोष्ट अशी सांगतो, की पानावर बसलात तरी घास हातात धरून तिचाच विचार कराल. पण आधी एक प्रश्न. मंडळी, शाबासकी घ्यावी कुणाकडून? जो पटकन देतो त्याच्याकडून? की जो लवकर देतच नाही, त्याच्याकडून? माना हलवू नका! उत्तर अजून आलेलं नाही.

ऐका तर. हर्णै बंदरातली एक मुलगी, मोहना चोगले. कोळ्याची पोर. शिकली, पुण्याला गेली, आणि करते काय? व्हिडिओ गेम! — अण्णा, हसू नका, तुम्ही दुपारी नातवाचा मोबाइल घेऊन काय खेळता, ते वहिनींनी सांगितलंय मला!

तर मोहनानं आणि तिच्या कामातल्या जोडीदारानं, तन्मयनं, तीन वर्षं खपून खेळ केला. नाव ‘उधाण’. वादळ उठलंय, होड्या बंदराकडं पळताहेत. जो आधी पोहोचेल, तो जिंकला! आठ दिवसांनी मुंबईत अशा खेळांचा मोठा मेळा भरणार, तिथं हा खेळ जगासमोर यायचा. पण त्याआधी तो कुणाकडून तरी खेळवून बघावा लागतो. आता आपण नैवेद्य चाखत नाही, पण खेळ? तो चाखावाच लागतो, बाबांनो! म्हणून दहा जणांना बोलावलं. आणि अकरावा बोलावला हर्णैहून — मोहनाचा मामा, गोमाजी तांडेल.

तांडेल म्हणजे कोण? होडीवरचा मुख्य! तो म्हणेल तिकडं होडी वळते. वडील गेल्यावर ह्या मामानंच मोहनाला वाढवलं. सगळं दिलं; पण ‘छान केलंस’ हे दोन शब्द? उभ्या जन्मात नाही! पोरीला मेळ्यापेक्षा त्याच दोन शब्दांची भूक होती.

दहा जण खेळले. “कडक!” “एक नंबर, ताई!” “लाट बघून पोटात गोळा आला!” मग मामा उठला. चपला दाराशी काढल्या. बसला, खेळायचा रिमोट हातात घेतला.

“काय गो, ह्याचं सुकाणू कुठाय?”

“हे बघ मामा, डाव्या अंगठ्याखाली.”

दोन मिनिटं होडी भेलकांडली. आणि मग — अहाहा! अंगठा मिठानं भेगाळलेला, पण होडी अशी चालली, की दहाही जण खुर्च्या सोडून त्याच्या मागं उभे! एकेक होडी मागं टाकली. दीपस्तंभ दिसला. मोहनाची छाती फुगली — माझा मामा पहिला!

आणि मामानं होडी वळवली. मागं!

“मामा, अरे बंदर पुढं आहे!”

“दिसतंय मला. ती होडी बघ. वल्ह्याला सदरा बांधून उभा केलाय.”

समुद्रात वल्ह्याला सदरा उभा केला म्हणजे काय, मंडळी? म्हणजे — आम्ही बुडतोय, या! मोहनाला हे लहानपणापासून ठाऊक. तिनंच ती होडी काढलेली. शोभेला!

“दोर टाकायचं बटन कुठलं?”

“तसं बटन नाही रे. ती नुसती दिसायला आहे.”

“नुसती दिसायला? अगो, चार माणसं हात हलवतायत!”

मामा त्या होडीभोवती फिरतोय... फिरतोय... वादळ आलं, गिळून गेलं. पडद्यावर अक्षरं — तुम्ही हरलात!

हशा! तन्मय म्हणाला, “मामा, तिकडं बघायचंच नाही. सरळ जायचं.” दुसऱ्यांदा खेळला. पुन्हा वळला! तिसऱ्यांदा? तिसऱ्यांदाही!

मोहना पुढं झाली. “मामा, खेळ कसा आहे, ते तरी सांग.”

“लाट खरी हाय. वारा खरा. आभाळ बघून गुडघा दुखाया लागला माझा! पण पोरी, सदरा बघून पुढं गेलेल्याला आपल्या बंदरात कुणी पानी विचारत न्हाय. आन् तू त्यालाच जिंकवतेस.”

गेला मामा. तन्मय म्हणाला, “एवढं काय त्यात? ती होडी पुसून टाक. दोन मिनिटांचं काम!”

खरंच की! पुसली की प्रश्न मिटला. आपण नाही करत? मदत मागणारा दारात आला, की आतून आवाज — सांग, घरात नाहीत! मोहनाचा हातसुद्धा माउसवर गेला, बरं का. एक टिचकी, बस्! पण पडद्यावर ती चार माणसं हात हलवत होती. तिच्याच हातानं काढलेली...

तिनं हात मागं घेतला. “तन्मय, मेळ्याला कळव. आम्ही येत नाही.”

“वेडी झालीस? तीन वर्षं!”

“अजून चार महिने.”

चार महिने! आता खेळात दोर आला. माणसं एकेक करून वर ओढायची. होडी जड होते, मागं पडते. सरळ पळालेला पहिला पोहोचतो खरा — पण धक्क्यावर चिटपाखरू नाही! आणि जो माणसं घेऊन शेवटी येतो, त्याच्यासाठी अख्खं बंदर उभं!

खेळ बाजारात आणण्याआधी मोहना हर्णैला गेली. ओटीवर मामापुढं पडदा मांडला. मामा खेळला. वळला, दोर टाकला, चौघांना ओढलं, सगळ्यांच्या मागून धक्क्याला लागला. पोरगी श्वास रोखून उभी — आता तरी बोलेल?

नाही बोलला! उठला. डोक्यावरची टोपी काढली, पोरीच्या डोक्यावर ठेवली, आणि गल्लीकडं तोंड करून ओरडला —

“अरे ऐका रे! आमच्या घरात दुसरी तांडेल झाली!”

शाबासकी म्हणतात ती ही, मंडळी! त्या दहांची संध्याकाळपर्यंत विरली. ही जन्मभर डोक्यावर राहिली.

तुमच्याही घरात असा कुणी असेल. जीभ खरखरीत, आणि तुमच्या चांगल्या कामात खोट काढणारा. तुम्ही त्याचा फोन उचलत नाही! कुणाचा तो माणूस आता फोन करायलाही उरला नसेल. तर एक विनंती. मघाशी हरिनाम घेतलंत, आता आरतीला उभे राहाल, हात जोडाल. स्वतःसाठी काही मागायच्या आधी, ज्यानं तुमची चूक तुमच्या तोंडावर सांगितली, त्या एका माणसाची आठवण काढा. नाव घेऊन काढा.