ओवाळणीच्या चाळीस ओळी

— नाई, पासवर्डात मधात जागा नाई सोडायची, सगळं जोडून लिहा, आणि शेवटी दोन शून्य. लागलं? लागलं ना. इथं मोबाइलची रेंज नीट येतच नाई, आली तर पैनगंगेच्या पलीकडच्या टॉवरची येते, मंग फोन तुमाले तेलंगणात नाई, महाराष्ट्रात समजते आणि तुमचं ते ॲप म्हणते पत्ता जुळत नाई. मागच्या महिन्यात कुरिअरवाला असाच वैतागला होता. वायफायच बरं. बसा ना, जीवनभाऊ — जीवनच म्हणाले ना तुमी? खुर्ची हलते थोडी, भिंतीला टेकवून बसा. फोन ठेवा त्या स्टुलावर, डब्याला टेकवून, राहू द्या तसाच. दार मी उघडंच ठेवते. आई-बाबा मळ्यात हायेत, उद्या आदिलाबादचा बाजार, आज वांगी तोडायचा दिवस. पण समोर बयनाबाई बसली हाये ओट्यावर, ती इकडंच पाहून राह्यली — पाहू द्या. तिचं कामच हाये ते.

मंचेरियलहून आले तुमी? सकाळच्या बसनं? एवढ्या दुरून जैनथले, फक्त घर पाहायले? नाई, तुमी म्हणता तर असंलच. दाराचा फोटो, आधार कार्डाचा फोटो, दोन प्रश्न आणि सही. समजलं. पण मले एक सांगा, बाकीच्यांकडंही गेले का? आमी चौदा जण हाओ कंपनीत, बाकीचे तेरा बंगळुरात, त्यांच्याकडंही कोणी गेलं का असं घरी? — माहीत नाई. तुमाले फक्त ही एक यादी दिली. यादीत नाव एकच. हो का. एकच का.

— आई गं. कुकर हाये, कुकर. बयनाबाईचा. घाबरू नका — म्हणजे तुमी नाईच घाबरले, मीच. मी अशीच हाये लहानपणापासून. पत्र्यावर माकड उडी मारते तरी माझ्या हातातला कप जाते. आई म्हणते, हिले कॉम्प्युटरच बरा, तो ओरडत नाई.

काम काय करते, हाच पहिला प्रश्न ना? लिहा — सॉफ्टवेअर. नाई, तेवढं पुरणार नाई त्यांले. हे पाहा, समजा तुमच्याजवळ एक महत्त्वाचा कागद हाये. तुमी त्याच्या तीन झेरॉक्सा काढल्या, एक मंचेरियलले ठेवली, एक उटनूरले, एक इथं. एक जळाली तरी दोन राहते, आणि त्या दोघी मिळून तिसरी परत काढते. आमचं सॉफ्टवेअर हेच करते, फक्त कागद नाई, कोट्यवधी कागद, आणि गावं नाई, कॉम्प्युटर. शेकडो कॉम्प्युटर बांधून एकच मोठं कोठार. नाव कणज. कन्नडात कोठाराले म्हणतात, आपली कणगी नाई का, तशीच. आणि ते उघडं हाये, म्हणजे कोणीही उघडून वाचावं, वापरावं, दुरुस्त करावं. मीही तशीच आत गेली. कॉलेजात असताना बाहेरूनच दुरुस्त्या पाठवायची, मंग हर्षदीप म्हणाले — हर्षदीप म्हणजे आमचे मुख्य — की सपना, तू आमच्यातच ये, घरूनच कर. तीन वर्षं झाली. आणि आता अमेरिकेच्या त्या मोठ्या कंपनीनं आमाले घेतलं. मागच्या सोमवारी मीटिंग झाली, हर्षदीप म्हणे, आनंदाची गोष्ट हाये, सगळे टाळ्या वाजवा. मी एकटीनं या खोलीत बसून टाळ्या वाजवल्या. बाबा बाहेरून म्हणे, डास झाले का वं?

बाबाले तर अजूनही पटत नाई. म्हणते, जे फुकट वाटत होते ते विकत काऊन घेतलं कोणी? त्याइले फुकटात भेटत नव्हतं का? मी म्हटलं बाबा, सॉफ्टवेअर नाई घेतलं, ज्यांले ते येते ती मानसं घेतली. तर बाबा म्हणे, विचारलं का तुले?

नाई, तसं वाईट काई नाई. चांगलंच हाये. पण हर्षदीप शेवटी म्हणाले, कोणी घाबरू नका. आता तुमीच सांगा, घाबरायचं काई नसलं तर असं म्हणते का कोणी? मी तवापासून झोपली नाई नीट. त्या मोठ्या कंपनीनं एक कागद पाठवला, प्रत्येकानं सही करायची, की मी जे जे लिहिलं ते माझंच हाये, त्यातली एकही ओळ दुसऱ्या कोणाची नाई. आणि खाली लिहिलं, तपासणीसाठी आमचा माणूस घरी येईल. आणि तुमी आले.

पत्त्याच्या तपासणीसाठी. हो, सांगितलं तुमी. पण फक्त पत्ता पाहायले कोणी एवढं दूर येते का? मले खरं सांगा — तुमाले त्या दुरुस्तीबद्दल विचारायले सांगितलं ना? विजेच्या दुरुस्तीबद्दल? — नाई? काऊन नाई? कणजच्या जाहिरातीत लिहिलं हाये ते. ‘वीज गेली तरी एकही कागद हरवत नाई.’ ते माझ्यामुळं हाये. म्हणजे माझ्या नावावर हाये.

सांगते ना, त्याच्यात लपवण्यासारखं काई नाई. मी तीन जुने कॉम्प्युटर घेऊन इथंच कणज लावलं होतं, सरावासाठी. एक या घरात, एक चौकातल्या बापूजींच्या खताच्या दुकानात, एक आमच्या मोठ्या काकाच्या घरी. बंगळुरात वीज जाते तर जाते, आली तर येते, आणि मधात जनरेटर. आपल्याकडं माहीत हाये ना कशी जाते? वारा सुटला की डोळे मिचकावल्यासारखी. दोन सेकंद गेली, आली, परत गेली, आणि तिन्ही घरांत एकावेळी नाई. एक कॉम्प्युटर मेला असं समजून बाकीचे दोघं पुढचं लिहून घेत, तेवढ्यात तो उठून बसे आणि म्हणे, माझ्याजवळचं खरं. जुना कागद घेऊन उभा राहे आणि नव्या कागदावर तो चिपकवून टाके. ते बंगळुरात कोणाले दिसलंच नव्हतं पाच वर्षं. मले दिसलं. चूक मी पकडली, जीवनभाऊ, हे तुमी लिहून घ्या — चूक मीच पकडली, त्याच्यात कोणाचा हात नाई.

दुरुस्ती — दुरुस्ती पण माझ्याच नावावर हाये.

पाणी घेता का? उन्हाचे आले. घ्या.

भूषणदादा म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याच मोठ्या काकाचा मुलगा. हैदराबादले हाये, मोठ्या कंपनीत. सख्खा भाऊ नाई मले, भाऊबीजेला तोच येते. मागच्या दिवाळीत आला तर मी तोंड पाडून बसलेली. पंधरा दिवस झाले होते, दुरुस्ती जमत नव्हती, एकीकडं धरलं की दुसरीकडं सुटे. तो म्हणे, दाखव. सकाळी फराळाचं ताट बाजूला ठेवून त्यानं आपला लॅपटॉप काढला, ऑफिसचा, आणि बसला इथं, तुमी बसले तिथंच. आईनं चारदा हाक मारली, अरे मुहूर्त चालला. मंग तो पाटावर आला, मी ओवाळलं, आणि तो खिसे चाचपून राह्यला. दरवर्षी ड्रेसचं कापड आणते, त्या वर्षी विसरला होता. काकू म्हणे, पोरीनं ताटात नुसते तांदूळच पाहायचे का? तर त्यानं हसत खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि ताटात ठेवला, सुपारीजवळ. म्हणे, घे, चाळीस ओळी हायेत, तुयी दुरुस्ती. हळदीचा डाग पडला त्याच्यावर, अजून हाये. मी तो पुसलासुद्धा नाई.

आता सांगा, ताटात पडलेलं कोणाचं? ज्याच्या हातात ताट त्याचं. दादानं दिलेल्या ड्रेसवर मी दादाचं नाव भरून घेते का? बयनाबाईले विचारा, कोणालेही विचारा जैनथमध्ये. मी त्याले म्हटलं होतं, दादा, तुझं नाव टाकते. तो म्हणे, भाऊबीजेची पावती फाडते का वं? मंग मी माझं नाव टाकलं. प्रत्येक दुरुस्तीच्या खाली एक ओळ लिहावी लागते आमच्याकडं, नाव आणि शपथ — हे काम माझं हाये. लिहिलं मी. मले त्या वेळेस ते खोटं वाटलंच नाई. आता वाटते.

कारण त्याच्या ऑफिसात लिहून घेतलं हाये त्याच्याकडून, नोकरीत असेपर्यंत जे लिहिशील ते आमचं. घरी लिहिलं तरी आमचं. दिवाळीत लिहिलं तरी आमचं. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिलं तर विचारायचंच नाई. म्हणजे जे दादानं मले दिलं ते दादाचं नव्हतंच. हे त्याले माहीत होतं का? त्याच्या मनात आलंही नसंल. बहिणीच्या ताटात काई टाकताना कोणी ऑफिसाले विचारते का? पण त्यांले समजलं तर त्याले काढतील, जीवनभाऊ. उभ्या उभ्या काढतील. आणि ही मोठी कंपनी म्हणेल, चोरीचा माल हाये, सौदा मोडला. मंग हर्षदीपसकट ते तेरा जण — एका मुलीनं घर घेतलं हाये बंगळुरात, मागच्याच महिन्यात, वास्तूचे फोटो पाठवले होते तिनं.

नव्यानं काऊन लिहीत नाई म्हणता? तीन दिवस तेच करून राह्यली. पण माहीत झालेली गोष्ट माहीत नसल्यासारखी कशी लिहायची? दाराशी रोज एकच रांगोळी काढणाऱ्या बाईले म्हणा पाहू, वेगळी काढ, हात तिकडंच वळते. मी डावीकडून सुरू केलं, उजवीकडून सुरू केलं, शेवटी त्याच चाळीस ओळी. दादाच्याच. आणि सही केली तर खोटी होते, नाई केली तर विचारतील, चौदातली हीच काऊन थांबली. दादाले फोन लावला, तर तो खुशीत. म्हणे, अभिनंदन, पेढे कवा देते? मी त्याले यातलं काई सांगितलं नाई. पेढे देते म्हटलं.

मुद्दाम लपवलं का म्हणता? नाई, मुद्दाम नाई केलं. मुद्दाम कसं होईल? म्हणजे — एक ओळ काढली मी. चाळीस नव्हत्या त्या, एक्केचाळीस होत्या. पहिली ओळ त्याच्या लॅपटॉपनं आपोआप टाकली होती, त्याच्या कंपनीचं नाव आणि पुढं लिहिलेलं की ही आमची मालमत्ता हाये. दादानं ती पाहिलीच नसंल, त्याले सवय असंल. मी पाहिली. वाचली. मंग काढली. काऊन काढली? — माहीत नाई. ड्रेसवरची चिठ्ठी काढते ना, तशी. नाई. खोटं बोलून राह्यली मी. समजलं होतं मले. तेवढ्यासाठीच तर काढली.

हे कोणाले सांगितलं नव्हतं. आईलेसुद्धा नाई. तुमी अनोळखी हाओ म्हणून — आणि तुमाले तर पत्ताच पाहिजे होता ना, तुमी थोडंच कुठं —

फोनवर ते लाल टिंब काऊन लुकलुकून राह्यलं?

कवापासून?

दाराच्या फोटोपासून सहीपर्यंत. म्हणजे ॲप रेकॉर्डिंग आपोआपच सुरू ठेवते. तुमाले माहीत होतं? — तुमाले वाटलं, मले माहीत असंल. माझंच क्षेत्र हाये म्हणून. हो, बरोबर हाये. मलेच माहीत पाहिजे होतं. आणि वायफाय मीच दिलं. पासवर्ड मीच सांगितला, दोन शून्यासकट.

पाहू द्या. थांबा, हात लावत नाई, फक्त पाहाते. अपलोडची ती निळी पट्टी भरत आली हाये. राउटर त्या कोपऱ्यात हाये, मी बटन — नाई. भरली. इथपर्यंतचं सगळं गेलं.

डिलीट करतो म्हणता. भले माणूस हाओ तुमी. पण जीवनभाऊ, मी तीन वर्षं तेच तर बनवून राह्यली, जे कोणी डिलीट केलं तरी राहते. इथलं पुसलं तर दुसरीकडचं त्याले परत काढते. त्या कंपनीचं कोठारही कणजच, तिन्ही ठिकाणी गेलं असंल आतापर्यंत. आणि इथं वीज गेली तरी काई होत नाई आता. ते बरोबर चालते. दादानं नीट लिहिलं हाये.

त्याचं नाव किती वेळा घेतलं मी?

राहू द्या. सांगू नका. पत्त्याची सही कुठं करायची? बोटानं? इथं? — झाली. पुरं नाव हाये. या तुमी आता. नाई, मी बोलत नाई काई. जाताना फाटक ओढून घ्या.